कलकत्त्याच्या मैदानावरची अनोळखी माणसे

२९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागान क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरा खेळाडूंपैकी दहा अनवाणी होते. बूट होते ते फक्त सुधीर चटर्जी या ख्रिस्ती खेळाडूच्या पायात. ही गोष्ट अनेकदा सांगितली गेली आहे. मला कुतूहल आहे ते त्या दिवशीच्या गर्दीचे.

मोहन बागानचा नेहमीचा प्रेक्षक म्हणजे उत्तर कलकत्त्यातला बाबू, वकील, कॉलेजचा विद्यार्थी. त्या शनिवारी मात्र ईस्ट इंडियन रेल्वेने खास गाडी सोडली होती, हुगळी नदीवर जादा आगबोटी होत्या. आसामातून, पाटण्याकडून माणसे आली. दोन रुपयांचे तिकीट पंधरा रुपयांना विकले गेले. साठ हजारांपासून लाखापर्यंत कितीही आकडे सांगितले जातात. यातल्या बहुतेकांना चेंडू दिसणे शक्यच नव्हते. कोणी झाडावर चढले, कोणी खोक्यांवर उभे राहिले. मागे उभे असलेल्यांना कळावे म्हणून पतंग उडवून गोल सांगितले जात होते. पहिला गोल गोऱ्यांनी केला. मग शिवदास भादुरीने बरोबरी साधली आणि सामना संपायला थोडा वेळ उरला असताना अभिलाष घोषने दुसरा गोल केला. आयुष्यात फुटबॉलचा एकही सामना न पाहिलेला माणूस आकाशातला पतंग पाहून नाचत होता, असे हे दृश्य.

या गर्दीत मुसलमानही होते, आणि इथे जरा थांबायला हवे. १९०५ साली बंगालची फाळणी झाली होती. फाळणीविरोधी चळवळीत बंगाली हिंदू मध्यमवर्ग पुढे होता, तर पूर्व बंगालातल्या अनेक मुसलमानांना नवा प्रांत हवा होता. सामना झाला तेव्हा हा वाद मिटलेला नव्हता. फाळणी रद्द झाल्याची घोषणा त्याच वर्षी डिसेंबरात, दिल्ली दरबारात झाली. म्हणजे ज्या वर्गाशी राजकारणात भांडण, त्याच वर्गाच्या क्लबचा हा विजय. तरीही कलकत्त्याच्या मुस्लिम वृत्तपत्राने तो आपलाच मानला. मुसलमान खेळाडूंच्या एका क्लबातले लोक हिंदू भावांच्या जिंकण्याने आनंदाने वेडे होऊन जमिनीवर लोळत होते, असे त्यात छापून आले.

याला लगेच भाईचाऱ्याचा दाखला करण्याची घाई मी करणार नाही. समोर गोरी पलटण होती, आणि शत्रू एक असला की शेजारी जवळचा वाटतो. पण घरी बसून राहण्याची मुभा त्या मुसलमानांना होतीच. ते आले. त्यांना कोणी निष्ठेची परीक्षा म्हणून बोलावलेले नव्हते.

पुढची तेवीस वर्षे मुसलमान मैदानावर होते, पण त्यांची अशी गर्दी नव्हती. मोहम्मेडन स्पोर्टिंग हा क्लब १८९१ पासूनचा, पण पहिल्या डिव्हिजनमध्ये पोहोचायलाच त्याला १९३४ साल उजाडले. आणि आल्या वर्षीच त्याने कलकत्ता लीग जिंकली. भारतीय क्लबने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. मग १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे तोच विजेता. लीग ऐन पावसाळ्यात चाले आणि अनवाणी खेळाडू चिखलात घसरत. क्लबने भिजल्या मैदानासाठी हलके बूट आणले. साधी गोष्ट, पण तिने खेळ बदलला.

आता मैदानावर जे लोक दिसू लागले, त्यांना पाहून जुन्या प्रेक्षकांना नवल वाटले असणार. हे आले कुठून? ते कुठूनच आले नव्हते. गोदीत ओझी उचलणारे, कपडे शिवणारे, साहेबांच्या घरी स्वयंपाक करणारे, बिहार आणि संयुक्त प्रांतातून पोटासाठी आलेले उर्दू बोलणारे हे लोक त्याच शहरात राहत होते. शहराने त्यांना रोज पाहिले होते, प्रेक्षक म्हणून मात्र पाहिले नव्हते. खुद्द संघही तसाच होता: कोणी बंगळूरचा, कोणी दिल्लीचा, जुम्मा खान तर क्वेट्ट्याचा. बंगाली अस्मितेच्या हिशोबाने हे परकेच. पण गोदीतल्या बिहारी हमालाला तो क्लब आपला वाटायला नाव पुरेसे होते.

सुरुवातीला हिंदू प्रेक्षकांनीही कौतुक केले, कारण गोऱ्या क्लबांची मक्तेदारी मोडली होती. पुढे विभक्त मतदारसंघांचे राजकारण तापले, १९३७ च्या निवडणुका झाल्या आणि टाळ्याही मोजून पडू लागल्या. मैदानावरच्या जयजयकाराचा अर्थ मैदानाबाहेरची माणसे ठरवू लागली. आज मुसलमान पोराला क्रिकेटच्या सामन्याआधी जो प्रश्न हसत हसत विचारला जातो, त्याची मुळे मला या वर्षांत दिसतात. असला प्रश्न १९११ साली पतंगाकडे डोळे लावून उभ्या असलेल्यांना कोणी विचारला नव्हता.

आपल्या मुंबईचाही या कथेत एक तुकडा आहे. इथला रोव्हर्स कप पहिल्यापासून गोऱ्या पलटणींचा. १९३७ साली तो प्रथमच भारतीय संघाने जिंकला, तो बंगळूर मुस्लिम्सने, आणि अंतिम सामन्यात हरवले कोणाला, तर मोहम्मेडन स्पोर्टिंगला. १९४० साली हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. यावेळी कलकत्तेकर जिंकले आणि त्याच वर्षी दिल्लीत इंग्रज पलटणीला हरवून त्यांनी ड्युरँड कपही नेला. मुंबईतल्या त्या सामन्यांत दोन्ही बाजूंना मुसलमानच होते आणि दोन्ही संघ परगावचे. मुंबईकर मुसलमानाने कोणासाठी ओरडायचे? बंगळूर त्यातल्या त्यात जवळचे, मोहम्मेडनचे नाव मोठे. तिथे नाव पाहून बाजू निवडण्याची सोयच उरली नव्हती. ज्याचा खेळ आवडेल, त्याच्यासाठी ओरडायचे.