सागरकड्यांवरची पहिली चढाई : ठिकाण कोणते निवडावे?

मुंब्रा, कान्हेरी किंवा लोणावळ्याजवळची नागफणी येथे प्रस्तरारोहणाचे धडे गिरवलेला गिर्यारोहक नोकरी-शिक्षणानिमित्त ब्रिटनला गेला, की कधी ना कधी तेथील सागरकड्याचे एखादे छायाचित्र त्याच्या पाहण्यात येतेच. खाली फेसाळणारा समुद्र, वर ताठ उभा कातळ आणि मध्ये दोरीच्या आधाराने चिकटलेला इवलासा माणूस. पुढच्या सुटीचा बेत ठरतो, आणि तो बहुधा त्या छायाचित्रातल्याच कड्याचा असतो. पहिली चूक होते ती येथे.

सह्याद्रीत आपण पायथ्याच्या गावातून निघतो, कड्याच्या तळाशी जातो आणि चढाई जमली नाही तर उतरून पुन्हा गावात येतो. सागरकड्यावर हा क्रम उलटा असतो. माथ्यावरून रॅपलिंग करीत लाटांजवळच्या एखाद्या टप्प्यावर उतरायचे आणि मग चढून बाहेर पडायचे. चढता आले नाही, तर पाठीशी केवळ समुद्र उरतो. म्हणून ठिकाण निवडताना सर्वांत आधी हे पाहावे, की चढाई फसली तर तेथून बाहेर कसे पडता येईल. कड्याची उंची, कीर्ती, सौंदर्य हे सारे त्यानंतर.

या कसोटीवर कॉर्नवॉलच्या पश्चिम टोकाकडील बॉसिग्रन मला सर्वांत योग्य वाटते. सेंट आइव्हज् ते सेंट जस्ट या रस्त्यावर कथिलाच्या जुन्या खाणीचे भग्न अवशेष उभे आहेत. तेथून थोडे चालले की कडा येतो. मुख्य कातळाचा तळ भरतीच्या रेषेच्या बराच वर आहे आणि तेथे हातापायांचा आधार घेत उतरता येते. म्हणजे माघारीची वाट शाबूत राहते. खडक ग्रॅनाइटचा, खरबरीत आणि भरवशाचा. त्याच्या भेगांत नट आणि कॅम चांगले बसतात. मुख्य म्हणजे सोप्या व मध्यम चढाया येथे भरपूर आहेत. 'अ‍ॅलिसन रिब' ही 'डिफ' श्रेणीची, 'डोअरपोस्ट' ही 'हार्ड सिव्हिअर', तर 'लिटल ब्राउन जग' ही 'व्हीएस' म्हणजे 'व्हेरी सिव्हिअर' श्रेणीची. (ब्रिटिश श्रेणींची नावे फसवी आहेत. 'डिफ' म्हणजे 'डिफिकल्ट', पण ती सर्वांत सोप्या श्रेणींपैकी एक.) समोरच्या बाजूस समुद्रातून वर येणारी 'कमांडो रिज' ही लांबलचक धार आहे. ए. डब्ल्यू. अँड्र्यूज आणि त्यांची बहीण एल्सी यांनी ती १९०२ साली चढली. दुसऱ्या महायुद्धात कमांडो पथकांनी या परिसरात सराव केला, त्यावरून तिला आजचे नाव मिळाले. धार सोपी असली तरी तिची सुरुवात लाटांच्या पट्ट्यात आहे, हे विसरू नये.

लंडनकरांना कॉर्नवॉल लांब पडते. त्यांच्यासाठी डॉर्सेटमधील स्वॉनेज हा जवळचा पर्याय. तेथील 'सबल्युमिनल' या भागातील चुनखडीचे कडे ठेंगणे आहेत आणि शांत समुद्र असताना तळाशी उभे राहण्यास चांगली जागा मिळते. लाटा मोठ्या असतील तर मात्र हीच जागा धुऊन निघते. जवळचा 'बोल्डर रकल' हा भाग अगदी वेगळ्या प्रकृतीचा आहे. तेथे रॅपलिंगशिवाय प्रवेश नाही, कातळ पुढे झुकलेला आणि माथ्याजवळ सैल आहे. आलोच आहोत तर तेही करून टाकू, हा मोह तेथे आवरावा. ज्यांनी केवळ बोल्ट ठोकलेल्या मार्गांवर सराव केला आहे, त्यांनी त्याच परगण्यातील पोर्टलंडला जावे. स्वॉनेज, पेम्ब्रोक आणि कॉर्नवॉलच्या बहुतेक मार्गांवर बोल्ट नसतात. सुरक्षेची साधने स्वतःच लावावी आणि काढावी लागतात.

वेल्समधील पेम्ब्रोक मी दुसऱ्या खेपेसाठी ठेवीन. 'सॅडल हेड'वरील 'ब्लू स्काय'सारखी सुरेख 'व्हीएस' चढाई तेथे आहे, पण सेंट गोव्हन्स हेड भागातील चढाया बहुतांशी त्याहून कठीण आहेत. शिवाय कॅसलमार्टिन परिसर हा लष्कराचा गोळीबाराच्या सरावाचा प्रदेश असून लाल निशाण वर असताना तेथे प्रवेश मिळत नाही. समुद्रपक्ष्यांच्या विणीच्या काळात, म्हणजे साधारणतः मार्चपासून ऑगस्टपर्यंत, अनेक कडे बंद ठेवले जातात. ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिल या बंदीची माहिती प्रसिद्ध करते. ती निघण्यापूर्वी अवश्य पाहावी. अँगलसीवरील गोगार्थ आणि १९६६ साली प्रथम चढला गेलेला स्कॉटलंडमधील 'ओल्ड मॅन ऑफ हॉय' यांची नावे मोहक आहेत, पण त्यांचा विचार दोन-तीन मोहिमांनंतर करावा.

ठिकाण ठरले तरी दिवस आणि वेळ समुद्रच ठरवतो. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या भरतीचा इशारा वाचणाऱ्या मुंबईकरास भरतीचे गणित नवे नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची. स्वॉनेजला भरती-ओहोटीतील फरक दोन मीटरच्या आसपासच राहतो. पेम्ब्रोकला उधाणाच्या वेळी तो सहा मीटरच्या वर जातो. त्यातही पाणी सारख्या वेगाने चढत नाही. भरतीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या व चौथ्या तासातच सुमारे निम्मे पाणी चढते. पहिल्या तासाचा संथपणा पाहून निर्धास्त झालेला माणूस नेमका तेथे अडकतो. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे घड्याळ. भरतीची काही कोष्टके ग्रीनिच वेळेनुसार छापलेली असतात, तर उन्हाळ्यात ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे असतात. त्या एका तासाने सारा हिशेब कोलमडू शकतो. वारा पडला म्हणून समुद्र शांत असेलच असेही नाही. दूर अटलांटिकमध्ये झालेल्या वादळाच्या लाटा स्वच्छ उन्हातही येऊन आदळतात. उतरण्यापूर्वी माथ्यावर बसून पंधरा-वीस मिनिटे लाटा न्याहाळाव्यात, कारण मोठी लाट बऱ्याच वेळाने एखादीच येते.

घरच्या कातळावर जी श्रेणी सहज जमते, तिच्या दोन पायऱ्या खालची चढाई पहिल्या दिवशी निवडावी. रॅपलिंगची दोरी वेगळी असावी आणि चढाई पूर्ण होईपर्यंत ती तशीच लोंबती ठेवावी. जुमार किंवा प्रुसिक गाठीच्या साह्याने तिच्यावरून वर येण्याचा सराव आधीच हवा. दोरी बांधण्यासाठी माथ्यावर रोवलेल्या लोखंडी मेखा अनेक ठिकाणी असतात, पण खाऱ्या हवेने त्या गंजतात. एकीवर विसंबू नये. लाटांच्या गर्जनेत साथीदाराची हाक ऐकू येत नाही, म्हणून दोरीला किती हिसके दिले की काय समजायचे, हे उतरण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. संकटात ९९९ हा क्रमांक फिरवून तटरक्षक दलाची मागणी करावी. कड्याच्या तळाशी मात्र भ्रमणध्वनी चालेलच असे नाही, तेव्हा परतण्याची वेळ माथ्यावरच्या कोणास तरी सांगून ठेवणे बरे.

मुक्कामी परतल्यावर कॅरॅबिनर आणि कॅम गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून ठेवावेत. मिठाने धरलेले कॅम पुढच्या वेळी उघडत नाहीत.