वायंगिणीची वाट

शनिवारी अर्धी शाळा सुटली की दप्तरांसकट दोनापावलाची बस पकडून आपण वायंगिणीच्या किनाऱ्यावर जायचो, आठवतं? ती वाट कोणाच्या मालकीची, हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही. पुढे तिथे हॉटेल आलं. सरकारने त्यासाठी जमीन संपादित केली, पण १९८३च्या करारात किनाऱ्याची वाट लोकांसाठी खुली ठेवण्याची अट घातली. तरी प्रकरण कोर्टात गेलंच. जानेवारी २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट लोकांचीच ठरवली आणि हॉटेलचं वाढीव बांधकाम पाडायला सांगितलं. राज्याने कायद्यात दुरुस्ती करून ते वाचवलं, हे मला अजून खुपतं. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या वाटेने किनाऱ्यावर जाणार आहे. ज्यांचे गुडघे साथ देतात, त्यांनी यावं.