पिकअप ट्रकची उंचीवाढ (लिफ्ट)

अमेरिकेत खडकाळ वाटांसाठी पिकअप ट्रकची उंची वाढविण्याची प्रथा रूढ आहे. ‘बॉडी लिफ्ट’मध्ये चासी व बॉडी यांच्यामध्ये ठोकळे बसवून केवळ बॉडी उचलली जाते, तर ‘सस्पेन्शन लिफ्ट’मध्ये स्प्रिंगा व शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून चासीच वर घेतली जाते. दोन्हींत गुरुत्वमध्य वर सरकतो. वाहनाचे स्थैर्य डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागून मोजले जात असल्याने उंचीबरोबर हा भागाकार घटतो, वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांकडे अधिक जातो आणि वाहन उलटण्याचा धोका वाढतो. सस्पेन्शन लिफ्टमध्ये पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यांचे कोन बदलून त्या चाकांचा उभा कल (कॅम्बर) आणि रोख (टो) बिघडतो. अलाइनमेंट पुन्हा केली नाही, तर टायरची एकच कड झिजते, आणि हे नुकसान टाळता येण्याजोगे असते. उंचीवाढीबरोबर टायरही मोठे केले, उदाहरणार्थ 30 इंच व्यासाच्या टायरऐवजी 33 इंची टायर लावले, तर स्पीडोमीटर 100 दाखवीत असताना खरा वेग सुमारे 110 असतो, शिवाय जड चाकांमुळे ब्रेकवरचा ताण वाढतो. भारतात नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार सर्वसाधारणपणे मनाई आहे.