स्पिनोलाचें बुडीत कर्ज

स्पॅनिश चित्रकार वेलास्केथ याच्या ‘ब्रेडाची शरणागति’ या चित्रांत विजयी सेनापति स्पिनोला घोड्यावरून उतरून, किल्ली पुढें करून वांकलेल्या डच सरदाराच्या खांद्यावर हात ठेवीत आहे. हें सौजन्य चित्रकाराच्या पदरचें नव्हे. १६२५ सालीं ब्रेडा पडलें तेव्हां त्यानें शत्रूच्या शिबंदीस निशाणें व शस्त्रें यांसह बाहेर पडूं दिलें होतें.

स्पिनोला जिनोआच्या सावकारी उमराव घराण्यांतला. तिशी उलटल्यावर, १६०२ सालीं, ९,००० माणसें स्वखर्चानें उभारून तो स्पेनच्या बाजूनें डचांविरुद्ध उतरला आणि तीन वर्षें वेढ्यांत असलेलें ऑस्टेंड त्यानें १६०४ मध्यें घेतलें. लढाईच्या खर्चासाठीं त्यानें स्वतःची दौलत तारण ठेविली. बुडीत कुळास पुन्हां कर्ज देऊं नये, हें जिनोआच्या सावकारास कोणीं शिकवावें! स्पेननें १६०७ सालीं दिवाळें वाजविलें, १६२७ सालीं पुन्हां. तरी तो चाकरींतच राहिला. व्याजापेक्षां त्याला कीर्ति प्रिय होती, असें आम्हांस वाटतें.

१६२८ मध्यें माद्रिदला जाऊन त्यानें डचांशीं तह करण्याचा सल्ला दिला. मुख्य प्रधान ओलिव्हारेस यास तो रुचला नाहीं. १६३० सालीं, इटलींत कासालेचा वेढा चालू असतां, दरबारानें अधिकार काढून घेतलेल्या अवस्थेंत तो वारला. पैसे परत मिळालेच नाहींत. चार-पांच वर्षांनीं ओलिव्हारेसनेंच उभारविलेल्या नव्या राजवाड्यांत वरील चित्र लागलें.