बँडच्या कसोटीला ‘वंदे मातरम्’

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी संविधान सभेत केलेले राष्ट्रगीताविषयीचे निवेदन अगदी छोटे आहे, पण ते सावकाश वाचावे. ‘जन गण मन’ या नावाने ओळखली जाणारी शब्द आणि संगीत मिळून झालेली रचना त्यांनी राष्ट्रगीत म्हणून जाहीर केली. ‘वंदे मातरम्’ला तितकाच मान, तितकाच दर्जा दिला. मात्र तिथे उल्लेख केवळ गीताचा आहे, संगीताचा नाही. चाल कुठे मागे पडली, हे शोधायचे तर सतरा महिने आधीचा कागद उघडावा लागतो.

तो कागद म्हणजे पंडित नेहरूंचे २५ ऑगस्ट १९४८चे निवेदन. बँडने आणि वाद्यवृंदाने वाजवता येईल अशा सुरावटीची निकड १५ ऑगस्ट १९४७ नंतर लगेच भासली, असे ते सांगतात. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागितले गेले. त्यांच्याजवळ ‘जन गण मन’ची तबकडी होती, ती वाद्यवृंदाला दिली, त्यांनी सराव केला, वादन सर्वांना आवडले. पुढे सैन्यदलांचे बँड तीच धून वाजवू लागले. प्रांतांच्या राज्यपालांची मते मागवली, तेव्हा एक सोडून सर्वांनी तिला पसंती दिली. तो एक अपवाद मध्य प्रांताचा, म्हणजे ज्यात तेव्हा आपला विदर्भ होता त्या प्रांताचा. ‘वंदे मातरम्’च्या थोरवीविषयी नेहरूंना शंका नव्हती. हरकत संगीताची होती: परदेशी वाद्यवृंदांना ती चाल सहज पेलणारी नाही आणि तिच्यात पुरेशी गती नाही.

मी इथे थांबतो, कारण प्रश्न उभा राहतो: कोणती चाल? ‘वंदे मातरम्’ला एकच चाल कधीच नव्हती. १८९६च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथांनी ते स्वतःच्या चालीत गायले. विष्णु दिगंबर पलुसकरांची चाल काफी रागातली. १५ ऑगस्ट १९४७च्या सकाळी आकाशवाणीवरून ओंकारनाथ ठाकुरांनी ते आपल्या ढंगाने गायले. आणि झिंझोटीतली चाल होती मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांची. नेहरूंच्या निवेदनात यांपैकी एकाही संगीतकाराचे नाव नाही.

कृष्णरावांचा जन्म २० जानेवारी १८९८चा, देवाच्या आळंदीतला. जुन्नर-आंबेगावच्या वाटेवरच्या खेड तालुक्यातला. भास्करबुवा बखल्यांचे हे शिष्य गंधर्व नाटक मंडळीतून ‘प्रभात’ चित्रपट कंपनीत आले आणि ‘धर्मात्मा’ (१९३५) पासून ‘शेजारी’ (१९४१) पर्यंतच्या काही चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. इथवर सारे पक्के आहे. स्वातंत्र्यानंतर त्यांनी आपली झिंझोटीतली चाल बँडसाठी बसवून घेतली, पोलीस आणि आरमारी बँडच्या जाणकारांची मदत घेतली, दिल्लीत जाऊन प्रात्यक्षिके दिली, हे आपल्याला कळते ते मुख्यतः चरित्रपर लेखन आणि कुटुंबाने जपलेल्या आठवणींतून. त्यांचे वजन सभेच्या छापील इतिवृत्ताएवढे धरता येणार नाही. तरी या आठवणी नेहरूंच्या हरकतीशी नेमक्या जुळतात: ज्या कसोटीवर गीत नापास ठरत होते, तीच कृष्णरावांनी उत्तरासाठी निवडली.

चाल स्वतः काय सांगते? झिंझोटी खमाज थाटातला राग, कोमल निषादाचा, मंद्र आणि मध्य सप्तकांत रमणारा. त्यामुळे गळा न कमावलेल्या माणसालाही समूहात तो पेलतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, बँडच्या क्लॅरिनेट-ट्रम्पेटवर गळ्यासारखी येत नाही, म्हणून बँडसाठी चाल सरळ, ठाम स्वरांवर उभी असावी लागते. ही जाण त्यांना ‘प्रभात’च्या वाद्यमेळातून आली असावी, हा माझा तर्क आहे, त्याला कागदाचा आधार नाही.

माझे मत मात्र मुख्यतः कागदांवरून बनले आहे. ‘जन गण मन’लाही बँडयोग्य रूप घडवावेच लागले होते. आझाद हिंद सेनेने ती धून थोड्या फरकाने स्वीकारली होती. पुढे इंग्रज संगीतकार हर्बर्ट मरिल यांनी तिची वाद्यवृंदरचना केली. निर्णयाची वेळ आली तेव्हा एका धुनेमागे तबकडी, सराव आणि प्रत्यक्ष वादन होते. दुसरीच्या बाजूने, त्या आठवणी खऱ्या धरल्या तर, एक संगीतकार स्वतःच्या हिमतीवर तयारी करत होता. म्हणून ‘वंदे मातरम्’ बँडवर वाजूच शकत नाही, असा निष्कर्ष १९४८च्या निवेदनातून काढणे मला मान्य नाही.

बँडमध्ये प्रत्येक वाद्याचा स्वरलिपीचा कागद वेगळा असतो आणि असे कागद वादकांच्या घरी राहून जातात. पुणे-मुंबईच्या पोलीस वा लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्या वादकांची अनेक कुटुंबे आज जुन्नर, आंबेगाव, खेडच्या गावांत असतील. कुणाच्या ट्रंकेत ‘वंदे मातरम्’ची जुनी स्वरलिपी सापडली, तर ती रद्दीत घालू नये, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन दाखवावी.