बैगा लोककथा (शृंगारविनोदी)

मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील बैहर तहसील आणि तिला लागून असलेला मंडला-दिंडोरीचा मैकल डोंगरपट्टा येथील बैगा आदिवासींच्या चावट, उपहासगर्भ मौखिक कथा. भाषा बैगानी, छत्तीसगढीच्या जवळची. नवरा-बायको, दीर-भावजय, मेहुणे, आजा-नातवंडे यांची थट्टामस्करी हे या कथांचे घर. स्त्री-पुरुषांनी एकमेकांना उद्देशून म्हटलेली ददरिया गीतेही याच वळणाची.

बालाघाटचे अधिकारी कर्नल ब्लूमफील्ड यांनी १८८५ मध्ये बैगांवर टिपणे छापली. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही बैगांवर प्रकरण आहे. दोन्हींचा भर चालीरीतींवर. कथांची मोठी नोंद व्हेरिअर एल्विन (१९०२–६४) यांची. ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकलेले एल्विन १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले आणि १९३२ मध्ये सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह मैकल भागातील करंजियाला राहायला गेले. ‘द बैगा’ (१९३९), ‘फोकटेल्स ऑफ महाकोशल’ (१९४४) आणि ‘मिथ्स ऑफ मिडल इंडिया’ (१९४९) हे या विषयाचे मुख्य ग्रंथ. मैकलच्या लोकगीतांच्या १९४४ च्या संग्रहावर हिवाळ्यांचे नाव सहलेखक म्हणून आहे. परधान जमातीवर हिवाळ्यांनी १९४६ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. मराठी माणसाचे हे काम मराठीत जेवढे ठाऊक असायला हवे तेवढे नाही.

एल्विन यांनी नोंदलेल्या एका बैगा कथेत योनीत तीन दात असलेली एक तापट मुलगी आहे. जमीनदार तिच्याशी लग्नाला तयार होतो. अट अशी की आधी तिने त्याच्या चार नोकरांना जवळ करावे. पहिला ब्राह्मण, त्याचे अंग तुटते. गोंड लाजण्याचे निमित्त करून तिचे तोंड झाकतो व तिला धरून ठेवतो. बैगा चकमकीच्या दगडाने एक दात पाडतो, अगरिया सांडशीने उरलेले दोन उपटतो. चकमक हे जंगलात विस्तव पाडणाऱ्या बैगाचे साधन, सांडशी लोखंड गाळणाऱ्या अगरियाची. जातींची उतरंड इथे उलटी होते: वरचा हरतो, हातात हत्यार असलेला जिंकतो. मुलीवरची जबरदस्ती मात्र कथा हसण्यावारी नेते, आणि ही बाजू झाकून कथेची थोरवी सांगणे बरोबर नाही. सदंत योनीच्या कथांवरील एल्विन यांचा लेख १९४३ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला, त्यामुळे डोंगरातली थट्टा डॉक्टरांच्या टेबलावर पोचली. या कथांची समज तिथून थोडी वाकडी झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सर्वच बैगा कथा चावट नाहीत. तमाखूच्या कथेत कोणालाही नको असलेली मुलगी मरून तमाखूचे झाड होते आणि मग साऱ्या जगाला हवीशी वाटते.

तुलनेसाठी फ्रेंच कादंबरीकार बाल्झाक (१७९९–१८५०) यांच्या ‘कोन्त द्रोलातिक’ची आठवण येते. सोळाव्या शतकातील फ्रेंचचे सोंग घेऊन, राब्लेच्या थाटात, आपल्या तूरेन प्रांतातील पाद्री, सरदार व त्यांच्या बायकांच्या शंभर कथा लिहिण्याचा त्यांचा बेत होता. १८३२, १८३३ व १८३७ मध्ये दहा-दहा करून तीसच छापल्या गेल्या. १८५५ च्या आवृत्तीत ग्युस्ताव्ह दोरे यांची ४२५ चित्रे आहेत. मठांतून जुन्या कथा मिळाल्याचा बाल्झाक यांनी केवळ बहाणा केला. बैगा कथा खऱ्याच तोंडी, पण त्यांना दोरे लाभला नाही. मराठीत या कथांच्या जवळची रचना शुकबहात्तरी. तिचा उगम मात्र संस्कृत.

हस्तलिखिते: नाहीत.

वाद: आदिवासींना वेगळे राखावे या एल्विन यांच्या तेव्हाच्या भूमिकेवर गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये टीका केली. तो वाद कथांचा नव्हे.

महाकोशलच्या संग्रहात कथा केवळ इंग्रजीत आहेत. मूळ बोल दिलेले नाहीत, आणि चावटपणाचा अर्धा जीव शब्दांच्या दुहेरी अर्थात असतो. बैहर भागात ज्यांच्या घरी अजून अशा कथा सांगितल्या जातात त्यांनी त्या बैगानीतच, एकही शब्द न गाळता, उतरवून ठेवाव्यात.