पाडलेले शहर आणि होस्टिंगचा प्रश्न

धागा. २६ ऑक्टोबर २००९ रोजी लक्षावधी घरांचे एक शहर पुसले गेले. शत्रूचा वेढा पडला नव्हता की महापूर आला नव्हता. मालक कंपनीने काही महिने आधी रीतसर सूचना दिली आणि ठरल्या दिवशी यंत्रे बंद केली. त्या शहराचे नाव जिओसिटीज.

आपल्यापैकी अनेकजण किल्ल्यांची, शिलालेखांची, मोडी कागदपत्रांची संकेतस्थळे उभारू पाहतात आणि मग विचारतात : होस्टिंग कोणते घ्यावे? उत्तरादाखल बहुधा दरपत्रक पुढे केले जाते. माझ्या मते आधी या व्यवहाराचा साडेतीन दशकांचा इतिहास पाहावा. दर नंतर पाहता येतात.

आरंभी हा प्रश्नच नव्हता. १९९०च्या अखेरीस जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातील पहिले संकेतस्थळ आपल्या नेक्स्ट संगणकावर ठेवले. त्या काळ्या पेटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर तांबड्या शाईत इशारा होता : हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये. ती पेटी आणि चिठ्ठी आजही जपून ठेवलेली आहे. होस्टिंगचे सारे मर्म त्या चिठ्ठीत आहे. संकेतस्थळ म्हणजे कोठेतरी अखंड चालू असलेले यंत्र. ते चालू कोणी ठेवायचे आणि बंद करण्याचा अधिकार कोणाचा, याच्या निरनिराळ्या वाटण्या म्हणजेच होस्टिंगचे प्रकार.

सर्वसामान्य माणसाकडे असे यंत्र नव्हते आणि रात्रंदिवस जोडलेली तारही नव्हती. ही उणीव हेरून १९९४च्या अखेरीस डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी कॅलिफोर्नियात जे सुरू केले, त्याचेच पुढे जिओसिटीज झाले. जागा फुकट, पण मांडणी शहराची. विज्ञानकथांचे वेड असणाऱ्यांनी ‘एरिया ५१’मध्ये राहायचे, तत्त्वज्ञान व साहित्यवाल्यांनी ‘अथेन्स’मध्ये, चित्रपटप्रेमींनी ‘हॉलिवूड’मध्ये. तुमचा पत्ता म्हणजे आधी कंपनीचे नाव, मग वस्तीचे, मग घराचा चार आकडी क्रमांक. रहिवाशांना ‘होमस्टेडर’ म्हणत, म्हणजे पडीक जमिनीवर वसाहत करणारे. फरक इतकाच, की अमेरिकेतल्या खऱ्या होमस्टेडरला पाच वर्षे जमीन कसल्यावर तिची मालकी मिळे. येथे ती कधीच मिळणार नव्हती.

हे लवकरच दिसून आले. १९९९मध्ये याहूने सुमारे साडेतीन अब्ज डॉलर मोलाच्या समभागांच्या बदल्यात जिओसिटीज विकत घेतले आणि नव्या अटींमध्ये रहिवाशांच्या मजकुरावर व्यापक हक्क सांगितला. लोक संतापले, अनेकांनी आपली पाने ओसाड करून निषेध नोंदवला आणि काही दिवसांतच याहूला अटी बदलाव्या लागल्या. रहिवासी त्या वेळी जिंकले. दहा वर्षांनी जिंकण्यासारखे काही उरले नव्हते, कारण पत्ताच कंपनीचा होता. एखाद्याने आपली पाने उतरवून दुसरीकडे नेली, तरी जुन्या पत्त्यावर येणारा वाचक रिकाम्या भूखंडापाशी पोहोचणार होता.

मग स्वतःच्या नावाचे डोमेन का घेतले नाही? येथे एक तांत्रिक अडचण होती आणि इतिहासात ती सहसा विसरली जाते. सुरुवातीच्या पद्धतीत ब्राउझर सर्व्हरकडे पान मागताना कोणत्या संकेतस्थळाचे पान हवे हे सांगतच नसे. साहजिकच प्रत्येक डोमेनला स्वतंत्र आयपी क्रमांक द्यावा लागे आणि ते क्रमांक जगात सुमारे ४३० कोटीच. जानेवारी १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या मानकाने मागणीसोबत संकेतस्थळाचे नाव पाठवणे सक्तीचे केले. एका ओळीची ही भर. तिच्यामुळे एकाच यंत्रावर, एकाच क्रमांकावर शेकडो संकेतस्थळे नांदू लागली आणि स्वस्त ‘शेअर्ड होस्टिंग’ सर्वत्र पसरले. माझ्या लेखी वेबच्या लोकशाहीकरणात या ओळीचा वाटा कोणत्याही नामवंत कंपनीपेक्षा मोठा आहे.

शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळ. भाडे परवडते, पण नळ सामाईक. शेजाऱ्याने पाणी ओढले की आपली धार बारीक. १९९७मध्ये सुरू झालेल्या स्लॅशडॉट या वार्तास्थळाने एखाद्या छोट्या पानाचा दुवा दिला, की वाचकांच्या लोंढ्याने ते पान कोसळे. ‘स्लॅशडॉट इफेक्ट’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रुळला.

यावरचा उपाय जुनाच होता. एका यंत्राची अनेक आभासी यंत्रे करण्याची विद्या आयबीएमने १९६०च्या दशकातच साधली होती. २००३च्या सुमारास ती साध्या सर्व्हरवर स्वस्तात उतरली आणि ‘व्हीपीएस’ घरोघरी आले : इमारत एकच, पण सदनिका स्वतंत्र, कुलूप आपले. अर्थात गळका नळही आपणच दुरुस्त करायचा. ऑगस्ट २००६मध्ये अॅमेझॉनने तासाला दहा सेंट दराने आभासी यंत्र देऊ केले. हा ‘क्लाउड’. पाहुणे वाढले की खोल्या वाढवाव्यात, गेले की सोडून द्याव्यात. मात्र विसरलेल्या खोलीचेही बिल येते.

क्लाउड या नावाने एक भ्रम पसरला, की आपला मजकूर आता कोठेतरी आकाशात सुरक्षित आहे. १० मार्च २०२१च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि पाच मजली इमारत खाक झाली. लक्षावधी संकेतस्थळे बंद पडली. ‘रस्ट’ या खेळाच्या युरोपातील अनेक सर्व्हरवरची माहिती कायमची गेली. काही ग्राहकांनी बॅकअपसाठी पैसे मोजले होते, पण त्या प्रतीही त्याच आवारात होत्या. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२३मध्ये लील येथील व्यापारी न्यायालयाने अशा एका ग्राहकाला भरपाई मंजूर केली. भरपाई मिळाली, कागद मिळाले नाहीत.

आता आपल्या गडकिल्ल्यांच्या संकेतस्थळाकडे येऊ. लेख आणि थोडी छायाचित्रे एवढेच असेल, तर चाळीतली खोली पुरेशी आहे. व्हीपीएस घेऊन मिरवण्यात अर्थ नाही. सभासदांची नोंदणी, शोध, स्वतःचा प्रोग्रॅम चालवायचा असेल आणि मंडळात लिनक्स जाणणारा, टिकून राहणारा कोणी असेल, तर सदनिका घ्यावी. हजारो मोडी कागदांच्या मोठ्या प्रतिमा ठेवायच्या असतील, तर जागेच्या हिशेबाने पैसे घेणारी क्लाउडची साठवण बरी. अॅमेझॉनची अशी सोय २०१६पासून मुंबईतही आहे. यातला कोणताही निर्णय वर्षभरात बदलता येतो. बदलता न येणाऱ्या गोष्टी दोनच. डोमेन मंडळाच्या स्वतःच्या नावावर आहे का, ते संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्या खात्यात तर नाही? आणि संपूर्ण प्रत दुसऱ्या गावी, दुसऱ्या कंपनीकडे किंवा निदान कोणाच्या कपाटातल्या डिस्कवर आहे का?

जिओसिटीजचे जे काही उरले, ते परक्यांमुळे. जेसन स्कॉट यांच्या आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी शेवटच्या महिन्यांत मिळतील तेवढी पाने उतरवून घेतली आणि पुढच्या वर्षी तो शेकडो जीबींचा ढिगारा जगाला खुला केला. ऑलिया लिआलिना आणि ड्रॅगन एस्पेनशीड या कलावंतांनी त्यातील घरांची चित्रे एकेक करून प्रसिद्ध करायला फेब्रुवारी २०१३मध्ये सुरुवात केली. त्यासाठी त्यांनी निवडलेली जागा होती टंब्लर. तीनच महिन्यांनी याहूने टंब्लर विकत घेण्याचा करार जाहीर केला.